पूर्व बालीतल्या खेड्यात दोन वर्षे बिऱ्हाड करावे का?

सुरंगी (फोंडा)

सर्वांना नमस्कार. माझ्या यजमानांना त्यांच्या कंपनीने कुठूनही काम करण्याची मुभा दिली आहे. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यामुळे घरात आता आम्ही दोघे आणि सासूबाई इतकीच माणसे उरली आहेत. बाली बेटाच्या पूर्वेकडे, कारांगासेम जिल्ह्यात सिदेमेन नावाचे खोरे आहे. तिथे भातशेतीला लागून असलेले एक छोटे घर आम्हाला दोन वर्षांच्या कराराने मिळू शकते. समुद्रकिनारा, रात्रीचे क्लब, योगाची दुकाने यांतले काही आम्हाला नको आहे. शांत आणि परंपरा सांभाळणाऱ्या गावात जाऊन राहावे, एवढीच इच्छा आहे.

पर्यटनाची माहिती जालावर ढिगाने मिळते. खेड्यात प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाचा अनुभव मात्र मिळत नाही, म्हणून हा धागा काढला. गाव आपल्याला सामावून घेते का, की शेवटपर्यंत पाहुणेच राहावे लागते? माझे स्वतःचे मत असे आहे की आपण फोंडा तालुक्यातली माणसे देऊळ, तळी, जत्रा, पालखी यांतच वाढलो आहोत. तेही हिंदू, आपणही हिंदू, तेही भात-नारळवाले आणि आपणही. तेव्हा एखाद्या युरोपियन माणसापेक्षा आपल्याला तिथे रुळणे सोपे जावे. अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

पोदेर

सुरंगीबाय, आपल्या गोव्यातही नारळ आहे, भात आहे, मासळी आहे आणि वर परप्रांतीयांनी जमिनीचे भाव वाढवल्याची तक्रारही आहे. तिकिटाचे पैसे वाचवा आणि आसगावात घर बघा.

साकव

पोदेरबाब, आसगावात घर बघायला बालीच्या तिकिटापेक्षा पुष्कळ जास्त पैसे लागतील.

सुरंगीताई, मी कारांगासेम जिल्ह्यात एका लहान विश्रामगृहाची व्यवस्था पाहत होतो आणि राहायला गावातच होतो. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट अशी की तिथे एका गावात दोन गावे असतात. एक सरकारी, म्हणजे आपल्या पंचायतीसारखे, जे दाखले देते आणि रस्ते करते. दुसरे परंपरेचे, ज्याला ते ‘देसा आदात’ म्हणतात. देवळे, स्मशान, सण, गावच्या जमिनी आणि माणसांच्या वागण्याचे नियम या दुसऱ्या गावाच्या हाती असतात. त्याच्या खाली ‘बंजार’, म्हणजे वाड्याची सभा. लग्न झालेले जोडपे बंजारचे सभासद होते आणि त्यानंतर देवळाच्या कामाला, कुणाच्या घरच्या मयताला, सणाच्या तयारीला हजर राहणे हे त्यांच्यावर बंधनकारक असते. वारंवार दांडी मारणाऱ्याला दंड होतो, आणि दंडापेक्षाही लोक त्या माणसाच्या घरच्या कार्याला येईनासे होतात याची भीती मोठी असते. उंच मनोऱ्यात टांगलेला लाकडी ‘कुलकुल’ वाजला की ठोक्यांच्या चालीवरून सभा आहे, मयत आहे की आग लागली आहे ते कळते, आणि हातातले काम टाकून माणसे निघतात.

तुम्ही भाड्याने राहणार, म्हणजे या व्यवस्थेत तुमचे स्थान बाहेरून आलेल्या रहिवाशाचे. महिन्याची ठरावीक वर्गणी द्यायची, सणाला जमेल ती देणगी द्यायची, नियम पाळायचे. सभासद तुम्ही होणार नाही आणि तशी अपेक्षाही कुणी करत नाही. हे वाईट वाटून घेण्यासारखे नाही, पण आधी माहीत असलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे पूजाअर्चेचे प्रमाण. आमच्या घरमालकिणीच्या ओसरीवर मी रोज पाहायचो. नारळाच्या कोवळ्या पिवळसर झापाच्या पट्ट्या कापून त्यांची तळहाताएवढी चौकोनी ताटली करायची. पूर्वी ती बांबूच्या सळीने टोचत असत, आता बहुतेक घरांत स्टेपलर असतो. तिच्यात पूर्वेला पांढरे, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे आणि उत्तरेला निळे किंवा हिरवे फूल, वर चिमूटभर भात किंवा एखादे बिस्किट, आणि पेटलेली उदबत्ती. अशा ताटल्या देव्हाऱ्यात, पायरीवर, विहिरीवर, दुकानाच्या गल्ल्यावर, स्कूटरवर आणि चक्क रस्त्यावर जमिनीवर ठेवतात. बाई मागे वळली की गल्लीतला कुत्रा येऊन भात खाऊन जाई आणि कुणाचे काही बिघडत नसे, कारण देवाने त्यातला वाटा आधीच घेतलेला असतो. स्वयंपाक झाल्यावर घरच्यांनी खाण्यापूर्वी केळीच्या पानाच्या लहान तुकड्यांवर भात घालून तो चुलीपाशी, पाण्यापाशी ठेवायचा, हे आणखी वेगळे. एका बाईचा दिवसातला केवढा वेळ यात जातो हे पाहिल्याशिवाय कळत नाही. हल्ली नोकरी करणाऱ्या बायका या ताटल्या बाजारातून तयार विकत घेतात, त्यालाही कुणी नावे ठेवत नाही.

भिरंड

साकव यांचा प्रतिसाद उत्तम आहे. सुरंगीताईंच्या ‘तेही हिंदू, आपणही हिंदू’ या वाक्यावर मात्र माझा आक्षेप आहे, आणि तो मी स्पष्टच नोंदवतो. भारतातून गेलेले पुष्कळ लोक तिथे याच समजुतीने वावरतात आणि त्यामुळेच अवघडलेले प्रसंग ओढवून घेतात. बालीतले हिंदू घराण्याच्या देवळात पूर्वजांना पुजतात, मोठ्या यज्ञाला पशूचा बळी देतात, डुकराचे मांस नैवेद्याला असते, आणि देवळातले मुख्य आसन बहुधा मूर्तीविना रिकामे असते. तिथे जाऊन ‘तुमच्यात हे चुकीचे आहे, आमच्याकडे असे करतात’ असे पुजाऱ्याला समजावून सांगणारे भारतीय गृहस्थ मी स्वतः पाहिले आहेत. एखाद्या जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन माणसाला निदान आपण परके आहोत एवढे ठाऊक असते.

आपल्याकडेसुद्धा देवस्थानाचे महाजन कोण, पालखीला खांदा कुणी द्यायचा, प्रसाद पाकळीचा कौल कुणी लावायचा हे घराण्यांप्रमाणे ठरलेले असते. शेजारच्या गावचा सारस्वत किंवा मराठा येऊन ‘मीही हिंदू, मलाही हक्क द्या’ म्हणाला तर त्याचे काय होईल ते आपण सगळे जाणतो. मग बालीने आपल्याला वेगळे का वागवावे?

सुरंगी (फोंडा)

भिरंड, तुमचा मुद्दा पटला. मला हक्क मुळीच नको आहेत, ओळखीचे वातावरण असेल एवढेच म्हणायचे होते. देवळात जाण्याचे नियम काय आहेत? सासूबाईंना रोज देवदर्शनाची सवय आहे.

साकव

कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, आणि वरून पट्टा बांधल्याशिवाय आत जायचे नाही. मासिक पाळी असताना किंवा घरात मयताचे सुतक असताना जायचे नाही, हे फलकावर लिहिलेलेच असते आणि सासूबाईंना ते समजावून सांगावे लागणार नाही. मात्र रोज दर्शन ही कल्पना तिथे नाही. गावचे देऊळ बहुतेक दिवस बंद आणि निर्मनुष्य असते आणि वर्धापनाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या 210 दिवसांच्या पंचांगाप्रमाणे, ते जागे होते. तेव्हा तीन-चार दिवस वाद्ये, नृत्य, डोक्यावर फळांचे उंच मनोरे घेऊन जाणाऱ्या बायका असे सगळे असते. आईंसाठी घरातच देव्हारा ठेवा. घरमालकाला विचारून ठेवा, म्हणजे कोणत्या दिशेला ठेवायचा ते तोच आपुलकीने सांगेल, कारण डोंगराकडची बाजू पवित्र आणि समुद्राकडची त्याच्या उलट, हे तिथे पक्के असते.

मानशेकार

मी बालीत राहिलेलो नाही, परंतु शेतीच्या अभ्यासासाठी ताबानान जिल्ह्यात जातिलुवी इथे गेलो होतो. धाग्याच्या विषयाशी संबंध आहे म्हणून लिहितो.

तिथल्या भातशेतीच्या मुळाशी ‘सुबाक’ ही पाण्याच्या वाटपाची संस्था आहे. एका बंधाऱ्याचे पाणी ज्या ज्या शेतांना मिळते ते सगळे शेतकरी एका सुबाकाचे सभासद, मग ते कोणत्याही गावचे असोत. कुणी केव्हा लावणी करायची आणि कुणी शेत केव्हा कोरडे ठेवायचे हे पाण्याच्या देवळात बसून ठरते. आजूबाजूची शेते एकाच वेळी मोकळी राहिली की किडीला खायला काही उरत नाही, त्यामुळे धार्मिक वेळापत्रकाचा शेतीलाही उपयोग होतो. हरितक्रांतीच्या काळात, 1970 नंतर, सरकारने वर्षभर पीक घ्या म्हणून हे वेळापत्रक बाजूला सारले. तेव्हा पाण्याची ओढाताण झाली, कीड माजली आणि शेवटी जुनी पद्धत परत आणावी लागली. 2012 मध्ये युनेस्कोने सुबाक व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आपल्या खाजन शेतीची आठवण इथे कुणाला झाली नाही याचे मला नवल वाटते. मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी सांभाळून आपल्या पूर्वजांनी जी शेते उभी केली, तीही एकट्यादुकट्याची कामे नव्हती. गावकरीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, बांध राखले, झोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, वाटला, आणि बांध फुटला तर रात्री अपरात्री सगळा गाव चिखलात उतरला. आज कित्येक मानशी मासळीच्या लिलावासाठी उघड्या ठेवल्या जातात आणि शेते खारी होऊन पडीक राहतात. बालीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताचे छायाचित्र काढणाऱ्याला तिथली शांतता निसर्गाने दिलेली वाटते. ती या सभासदांनी पाण्याच्या पाळीवरून केलेल्या भांडणांतून आणि तडजोडींतून टिकलेली आहे.

म्हणून सुरंगीताईंना एकच विचारतो. ज्या घराबद्दल लिहिले आहे ते भातशेतीला लागून आहे की भातशेतीत आहे? शेतजमिनीवर घर बांधून पाटाचे तोंड वळवले असेल तर खालच्या शेतकऱ्यांचा राग त्या घरावर असतो, आणि घरात राहणाऱ्याला तो कारण न कळता सोसावा लागतो.

पोदेर

मानशेकारांनी बांधाचा विषय काढला की धागा दोन पाने वाढतो, पण या वेळी शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे.

घुमट

मी बार्देशातल्या ज्या गावात राहतो तिथे गेल्या काही वर्षांत निम्मी जुनी घरे बाहेरच्यांनी घेतली आहेत. त्यामुळे हा प्रश्न मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूने पाहतो.

आमच्या शेजारी एका मोठ्या शहरातले कुटुंब आले. त्यांना गाव अतिशय आवडला, असे ते सगळ्यांना सांगत. चवथीला आमच्याकडे घुमट, शामेळ, कांसाळे घेऊन आरती चालली असताना रात्री नऊच्या सुमारास पोलीस दारात आले. तक्रार शेजाऱ्यांची होती. कायद्याच्या दृष्टीने दहा वाजायचे होते, म्हणून पोलीस आमच्याबरोबर दोन कडवी म्हणून नेवऱ्या खाऊन गेले, तो भाग वेगळा. त्याच वाड्यावर एक वयस्कर इंग्रज बाई पुष्कळ वर्षे भाड्याने राहत होत्या. कोंकणी त्यांना मोडकीतोडकी येई, पण कुणाच्या घरी मयत झाले की त्या पांढरे कपडे घालून येत, मागे एका खुर्चीवर गप्प बसत आणि वेळ झाली की निघून जात. त्या गेल्या तेव्हा वाड्यावरचे सगळे जमले होते.

त्या बाईंना गावाने ‘सामावून घेतले’ होते का? मला वाटते, हा प्रश्न गावातल्या कुणाच्या मनातही आला नसेल. सुरंगीताई, तुम्ही गाव आपल्याला घेईल का असे विचारता. गावातल्या माणसाच्या मनात त्या वेळी एवढेच असते की हा माणूस कार्याला येईल का, वाट अडवणार नाही ना, विहिरीवर पंप बसवून पाणी संपवणार नाही ना.

आबोली

घुमट यांच्या प्रतिसादानंतर व्यवहाराचे लिहिणे थोडे रूक्ष वाटेल, पण सासूबाई बरोबर आहेत म्हणून लिहिते. माझी बहीण बालीच्या उत्तर भागात, सिंगाराजाजवळ राहते आणि मी तिच्याकडे जाऊन राहून आले आहे.

वैद्यकीय सोय हा मुख्य प्रश्न आहे. अमलापुरा आणि क्लुंगकुंग इथे सरकारी रुग्णालये आहेत, परंतु हृदयविकार, मेंदूचा झटका अशा प्रसंगी बालीच्या राजधानीला, देनपासारला, जावे लागते. सिदेमेनहून तिथे पोचायला दीड तास धरा, सणाची मिरवणूक रस्त्यावर असेल तर जास्त. आईंना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर औषधे चिठ्ठीसह पुरेशी न्या. आरोग्य विमा काढताना वयाची मर्यादा वाचा.

कुत्र्यांपासून सांभाळा. बालीत 2008 पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे, आणि गावातले कुत्रे मोकळे असतात. जाण्यापूर्वी प्रतिबंधक लस घेणे शहाणपणाचे, आणि कुत्रा चावला तर जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

नळाचे पाणी पिऊ नये. मोठ्या बाटल्यांचे पाणी घरपोच येते. वीज बहुधा आगाऊ भरण्याच्या मीटरवर असते. पैसे संपत आले की मीटर किंचाळू लागतो आणि तो नेहमी मध्यरात्रीच किंचाळतो.

पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये कपड्यांना बुरा यायला लागतो तेव्हा तिथे कोरडा मोसम असतो, आणि हे मला त्या बेटाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते.

आणि आगुंग. घरातून ज्वालामुखीचे सुंदर दर्शन होते असे घरमालक सांगेल, ते खरेच आहे. 1963 च्या उद्रेकात हजारावर माणसे दगावली होती. 2017 मध्ये डोंगर पुन्हा जागा झाला तेव्हा आसपासच्या हजारो लोकांना छावण्यांत हलवले होते आणि नोव्हेंबरात राखेमुळे विमानतळ काही दिवस बंद होता. तेव्हा ते घर धोक्याच्या पट्ट्यात येते का आणि गावाबाहेर पडायचा रस्ता कोणता, हे भाडे ठरवण्याआधी विचारा.

सुरंगी (फोंडा)

आबोली, मनापासून आभार. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मानशेकार, घर शेतात आहे की बाजूला हे छायाचित्रावरून कळत नाही, विचारून सांगते. घरमालक दोन्ही वर्षांचे भाडे एकदम मागत आहे, ही तिथली रीत आहे का? शिवाय त्याने सुचवले आहे की पुढे आवडले तर त्याच्या भाच्याच्या नावावर जमीन घेऊन आम्ही घर बांधू शकतो.

तळी

भाच्याच्या नावावर काहीही घेऊ नका. वकील या नात्याने हे आधी सांगतो.

इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याप्रमाणे जमिनीची पूर्ण मालकी तिथल्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला भाडेपट्टा किंवा वापराचा हक्क मिळू शकतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे गुप्त करार करण्याची पद्धत सर्रास चालते. तो करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि उद्या भाचा वारला किंवा त्याचे लग्न मोडले तर तुमच्या हाती कागदाशिवाय काही राहत नाही. गोव्यात शेतजमिनी आणि कुळांच्या जमिनी दुसऱ्याच्या नावावर घेण्याचे जे प्रकार झाले आहेत त्यांच्या फायली मी रोज पाहतो.

आणखी असे की काही जमिनी परंपरेच्या गावाच्या असतात आणि त्यांच्यावर राहणाऱ्याला देवळाच्या सेवेचे बंधन असते. अशी जमीन भाड्याने देण्याचा अधिकार घरमालकाला खरोखर आहे का, याची चौकशी गावाच्या प्रमुखाकडे करा. जवळजवळ आपल्याकडे कोमुनिदादीची, म्हणजे गावकरीची, जमीन आहे की खाजगी, हे पाहिल्यासारखेच आहे.

भाडे वर्षाचे किंवा अधिक काळाचे आगाऊ मागणे ही तिथली नेहमीची रीत आहे, त्यात घरमालकाची लबाडी नाही. पण करार नोटरीपुढे करा आणि वाटेचा हक्क त्यात लिहून घ्या.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असतो आणि एकदा वाढवता येतो, म्हणजे 60 दिवस. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी 2024 पासून एका वर्षाचा वेगळा परवाना आहे, त्यासाठी परदेशातल्या कंपनीत नोकरी आणि वर्षाला किमान 60,000 अमेरिकी डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. यजमानांचे त्यात बसते का ते पाहा. पर्यटक व्हिसावर राहून कुणाला शिकवणे, दुकानात बसणे, अगदी फुकट मदत करणेसुद्धा अडचणीत आणू शकते. आईंचा परवाना स्वतंत्रपणे बघावा लागेल.

पोदेर

धागा गंभीर झाला आहे म्हणून एक आवश्यक माहिती देतो. कारांगासेममध्ये माडाची आणि ताडाची सूर, म्हणजे ताडी, गाळून ‘आराक’ नावाची दारू करतात आणि 2020 मध्ये बालीच्या गव्हर्नरने तिला नियमाच्या चौकटीत आणले. आपल्या काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे आपण अकरा वर्षांनी पुढे आहोत.

साकव

पोदेरबाब, थट्टा बाजूला ठेवून एक सांगणे भाग आहे. उघड्यावर मिळणाऱ्या आराकमध्ये मिथेनॉल मिसळलेले असल्यामुळे 2009 मध्ये बाली-लोंबोक भागात वीसहून अधिक माणसे दगावली होती, आणि त्यांत परदेशी लोकही होते. गावात ज्याच्या भट्टीची ओळख आहे त्याच्याकडचीच घ्यावी, नाहीतर घेऊच नये.

भिरंड

या धाग्यावर सगळेजण खेड्याला देव्हाऱ्यात बसवत आहेत, म्हणून थोडे विरुद्ध लिहितो. सिदेमेन ‘अस्पर्श’ आहे असे जे सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवू नका. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस 1927 मध्ये बालीत आला. उबुदला पाहुण्यांची वर्दळ फार झाली म्हणून तो सिदेमेनजवळच्या इसेह गावी घर बांधून राहू लागला, आणि ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे. म्हणजे ‘गर्दीपासून दूर खरी बाली’ शोधणारा माणूस या खोऱ्याला नवीन नाही. त्याच्यामागून आलेल्यांनी तेच शोधले आणि प्रत्येकाने आपल्यानंतर कुणी येऊ नये अशी इच्छा केली. सुरंगीताई, तुम्ही राहायला गेलात की तुमच्या घराची छायाचित्रे पाहून आणखी दहा जण येतील.

बालीची जमीन गोव्याच्या दीडपट आणि माणसे तिप्पट आहेत, त्यात पर्यटक वेगळे. भातशेतीची बंगल्यांसाठी विक्री होते, तरुण मुले हॉटेलांत कामाला जातात आणि सुबाकाच्या पाळीला म्हातारे उरतात. परदेशी माणसांनी देवळात, पवित्र झाडावर, डोंगरावर नको ते प्रकार केल्यामुळे 2023 मध्ये गव्हर्नरला वागणुकीच्या नियमांचे परिपत्रक काढावे लागले. परंपरा सांभाळणारे गाव पाहायला आपण जातो आणि जाण्यानेच ते बदलतो, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

घुमट

भिरंड, तुमचे म्हणणे खरे आहे, पण त्यावरून कुणीच कुठे जाऊ नये असे ठरत नाही. आमच्या वाड्यावरच्या त्या बाई आल्या नसत्या तर घरमालकाचे छप्पर कधीच कोसळले असते, कारण भाड्याच्या पैशांवर त्याने कौले बदलली. येणाऱ्याने किती जागा व्यापायची एवढाच प्रश्न आहे. दोन खोल्या भाड्याने घेणाऱ्यात आणि माडांचे अख्खे भाट विकत घेऊन कुंपण घालणाऱ्यात फरक करा.

मानशेकार

घुमटांशी सहमत, आणि त्यात पाण्याची भर घालतो. तरणतलाव असलेले घर घेऊ नका.

आबोली

कुणी न्येपीबद्दल लिहिले नाही, म्हणून मी लिहिते, कारण बहिणीच्या सांगण्याप्रमाणे बालीत आपण कितपत रुळू हे त्या दिवशी कळते.

न्येपी म्हणजे त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्यांचे शक आणि आपले शालिवाहन शक यांचे आकडेही जुळतात. 2025 मध्ये दोन्हीकडे 1947 सुरू झाले, न्येपी 29 मार्चला आणि आपला पाडवा 30 मार्चला. 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चला आहेत, पण काही वर्षी अधिक महिन्यामुळे महिन्याचे अंतर पडते. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यांवर नाचवत नेतात, आपल्या नरकासुरासारखेच, आणि मुले त्यासाठी कित्येक आठवडे कागद-बांबूत बुडालेली असतात. मग सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा सगळे बेट गप्प. दिवा लावायचा नाही, काम नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचे इंटरनेटही 2018 पासून बंद ठेवतात. गावचे रखवालदार, ज्यांना ‘पेचालांग’ म्हणतात, ते चौकटीचे कापड नेसून गस्त घालतात आणि फटीतून उजेड दिसला तरी दार ठोठावतात. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला नेण्याची मुभा असते.

आपला पाडवा गुढी, कडुनिंब आणि गोडधोड. तिथे त्याच सुमारास अंधारात बसून राहायचे. बहिणीला पहिल्या वर्षी संध्याकाळी सातनंतर फार एकटे वाटले, दुसऱ्या वर्षी तिने आदल्या दिवशीच स्वयंपाक करून ठेवला आणि ती दिवसभर झोपली. सुरंगीताई, एकटेपणाचा विचार सणाच्या दिवसांपुरता करू नका. यजमान संगणकासमोर बसतील, त्यांचा दिवस भरेल. तुमचा आणि आईंचा दिवस कशाने भरणार? इंडोनेशियन भाषा शिकायला लागा. बाली भाषेत समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्द बदलतात, त्यामुळे परक्या माणसाने इंडोनेशियनच बोललेले त्यांनाही सोयीचे वाटते.

सुरंगी (फोंडा)

हा शेवटचा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘मी येत नाही, मी पुण्याला नातीकडे जाते, तुम्ही दोघे जाऊन या.’ म्हणजे त्या आधीपासूनच मनात ठरवून बसल्या होत्या आणि विचारण्याची वाट पाहत होत्या.

घरमालकाकडून उत्तर आले. घर शेतातच आहे, चार वर्षांपूर्वी बांधलेले, आणि पाट ‘थोडा बाजूला’ घेतला आहे. यजमानांचे उत्पन्न तळी यांनी सांगितलेल्या मर्यादेत जेमतेम बसते, पण कंपनीकडून पत्र मिळायला वेळ लागेल.

मानशेकार

‘थोडा बाजूला’ हे शब्द मी गोव्यातही फार ऐकले आहेत. ते घर सोडा.

तळी

मानशेकारांना अनुमोदन. दोन वर्षांचे पैसे आगाऊ देण्याची घाई करण्याचे कारण नाही. गावातल्याच एखाद्या कुटुंबाच्या आवारातली खोली महिन्याच्या भाड्याने घ्या आणि 60 दिवस राहा. मात्र त्या काळात यजमानांनी कामाची रजा घ्यावी, म्हणजे व्हिसाचा प्रश्न उद्भवणार नाही.

साकव

तळी म्हणतात तसेच करा. कुटुंबाच्या आवारात राहिलात तर वर मी जे लिहिले ते सगळे तुम्हाला विचारल्याशिवाय समजेल. भल्या पहाटे कोंबडे आरवतील, आवारातल्या देवळाची पूजा चालेल, आणि कुलकुल वाजला की घरमालक चहा अर्धा टाकून निघून जाईल. त्याचा कंटाळा आला तर दोन वर्षांचा करार केला नाही हे बरेच झाले.

केव्हा जायचे हे विचाराल म्हणून सांगून ठेवतो. तिथले मोठे सण म्हणजे गालुंगान आणि कुनिंगान. 2026 मध्ये गालुंगान 17 जूनला आणि कुनिंगान 27 जूनला आहे. घरोघर दारात वाकलेले उंच सजवलेले बांबू उभे राहतात, आणि मोसमही कोरडा. पण त्या दहा दिवसांत दुकाने अर्धीअधिक बंद असतात आणि गाडीवाला मिळत नाही, म्हणून निदान एक आठवडा आधी पोचा आणि तांदूळ, तेल, गॅस आधी भरून ठेवा. गालुंगानच्या आदल्या दिवशी आवारात डुक्कर कापतात. ते बघवणार नसेल तर त्या सकाळी तिर्ता गंगाच्या जलउद्यानात फिरायला जा. घरमालकाला तसे सांगितले तरी तो रागावणार नाही.

सुरंगी (फोंडा)

ठीक आहे, जूनच्या पहिल्या आठवड्याची तिकिटे बघते. थेट विमान गोव्याहून नाही, बंगळुरूवरून आहे असे दिसते. साकव, खोली मिळेल अशा कुटुंबाबद्दल तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून विचारू का?

साकव

अवश्य विचारा. जाताना थोडी सोले बरोबर न्या, तिथे आंबटाला चिंच मिळेल पण भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोले मिळणार नाहीत.

भिरंड

माझे नाव घेऊन मला सुकवलेले पाहून आनंद झाला.